पिवळी जीप आणि टॉवरबाईंचा खोकला

विमानतळावर त्यांना सगळे पुढारी म्हणायचे. निवडणूक त्यांनी कधी लढवली नाही. भाषण म्हणाल तर शाळेत एकदा उभे राहिले होते, पण मास्तरांनी बस म्हटल्यावर लगेच बसले. तरी नाव पडलं पुढारी, कारण त्यांचं कामच पुढे चालायचं होतं. परदेशाहून आलेलं विमान धावपट्टीवर उतरलं की आपली पिवळी जीप त्याच्या नाकासमोर आणायची आणि त्याला उभं राहायच्या जागेपर्यंत पोचवायचं. जीपच्या पाठीवर दिव्यांचा फलक होता आणि त्यावर दोनच शब्द होते: मागे या.

आणि विमानं यायची. कुठल्या कुठल्या समुद्रांवरून आलेलं, पोटात अख्खी गल्ली बसेल एवढी माणसं घेतलेलं अजस्र विमान त्या ठेंगण्या जीपमागून असं निमूट चालायचं, की पहिल्या दिवशी शाळेला निघालेलं पोर आठवावं.

"एवढी विमानं तुमच्या मागे येतात," त्यांची बायको म्हणायची, "आणि आपली मांजर दूध ठेवलं तरी येत नाही."

कामाची सवय माणसाच्या अंगात मुरते, तशी ती पुढाऱ्यांच्याही मुरली होती. रस्त्यावर ते स्कूटर जीपच्याच वेगाने चालवायचे. सायकलवरची पोरं घंटी वाजवत त्यांना मागे टाकायची, पायी चाललेले लोक गप्पा मारत बरोबरीने यायचे. वळण आलं की पुढारी मान वळवून मागचा आला ना ते बघायचे. मागे बायकोच बसलेली असायची, ती कुठे जाणार? तिने शेवटी सुया आणि लोकरीचा गुंडा पिशवीत ठेवायला सुरुवात केली. मुलीचे सगळे स्वेटर आपण स्कूटरवर विणले, असं ती चारचौघांत सांगते आणि ते खोटं म्हणायची कुणाची हिंमत नाही.

पुढाऱ्यांना आणखी एक खोड होती. ते दिवसभर आभार मानायचे. आपण मानतो तसे तोंडदेखले नाहीत. चहावाल्याने कप हातात दिला की "उपकार आहेत". कुणी दार उघडं धरलं की "उपकार आहेत". चौकातला दिवा हिरवा झाला तरी पुटपुटायचे, "उपकार आहेत".

"अहो, तो दिवा सगळ्यांसाठी हिरवा झालाय," बायको मागून म्हणायची.

"म्हणून काय झालं? माझ्यासाठी पण झालाच ना?"

या खोडीचं मूळ शोधायचं तर विमानतळ लहान होता तेव्हाच्या काळात जावं लागतं. तेव्हा तिथे एक पत्र्याची शेड होती, सामान तोलायला एक काटा होता आणि काट्यावरचा माणूसच तिकीटही तपासायचा. शेजारच्या शहरांतून छोटी विमानं यायची आणि बावरल्यासारखी लगेच परत जायची. मग ठरलं, की इथे परदेशी विमानं उतरवायची. त्यासाठी धावपट्टी लांब हवी, जाड हवी. खडी आली, डांबर आलं, रोलर आले आणि एका रोलरवर पुढारी आले. तेव्हा ते तरुण होते आणि बिननावाचे होते.

खडीवर देखरेख करणारे एक इंजिनिअर होते. सगळे त्यांना खडीवाले साहेब म्हणायचे. दिवसभर उन्हात उभे राहून ते रोलर बघत असत. बाकीचे ड्रायव्हर शेवटच्या फेरीला हळूच वेग वाढवायचे. हा एक पोरगा मात्र सकाळी निघाला त्याच चालीने संध्याकाळी परतायचा.

"काय रे, तुला घाई कशी होत नाही?" त्यांनी विचारलं.

"कुठे जायचंय साहेब? त्या टोकाला पोचलो तरी परत इकडेच यायचंय."

साहेब पुन्हा रोलरांकडे वळले. पण धावपट्टी झाली, पहिली जीप आली आणि ती चालवायला माणूस निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी रोलरवाल्या पोराला बोलावून घेतलं. चाचणीला आलेले बाकीचे ड्रायव्हर पट्टीचे होते. त्यांनी जीप अशी पिटाळली, की मागे विमान म्हणून येत असलेला ट्रक दिसेनासा झाला. पुढाऱ्यांनी ती रोलरसारखी चालवली. जो गुण बाहेर कुणी फुकट घेतला नसता, त्याच्यावर माणसाला नोकरी मिळाली, घर झालं, मुलगी शिकली. एवढं झाल्यावर माणूस हिरव्या दिव्यालाही उपकार म्हणणार नाही तर काय?

त्यानंतर शेडचं टर्मिनल झालं. काट्याच्या जागी सरकते पट्टे आले. एकट्या पुढाऱ्यांच्या जीपला भावंडं आली आणि त्यांची जीप झाली जीप एक. विमानांना वाट सांगणारा टॉवरही उंच झाला आणि त्यात एक बाई आल्या.

या बाईंना पुढाऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. टॉवरमध्ये जायची जीपवाल्यांना परवानगी नव्हती, आणि बाई यायच्या-जायच्या पलीकडच्या दाराने. ओळख होती ती रेडिओवरच्या आवाजाची. "जीप एक, विमान उतरलं, पुढे व्हा." "जीप एक, थांबा, ट्रॅक्टर जातोय." कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलायचा नाही, असा कडक नियम होता आणि बाई नियमाच्या पक्क्या होत्या. पण आवाज लपत नाही. थंडी सुरू झाली की बाईंना खोकला व्हायचा. वाक्य मधेच थांबायचं, बटणावरचा अंगठा सुटायचा, मग पुन्हा यायचं, "जीप एक, डावीकडे."

पुढारी घरी जाऊन सांगायचे, "आज बाईंचा खोकला वाढलाय."

बायको ताट वाढता वाढता म्हणायची, "मलाही आठवडाभर घसा धरलाय. तुमच्या रेडिओवर येत नाही वाटतं?"

आता या कामाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल सांगायला हवं. पुढारी विमान आत आणायचे, तर ते बाहेर काढायला ट्रॅक्टर लागायचा, कारण एवढं शिकलेलं विमान, पण त्याला एकट्याला मागे सरकता येत नाही. ट्रॅक्टर लावून त्याला मागे रेटावं लागतं. हे काम करणाऱ्याचं नाव ओघानेच ढकल्या पडलं होतं. "तू मानाने घेऊन यायचं आणि मी ढकलून द्यायचं," तो पुढाऱ्यांना म्हणायचा. "पाहुण्यांमध्ये माझंच नाव खराब." दोघांचा चहा एकत्र व्हायचा आणि भांडणही.

मग नवीन विमानतळ आला. म्हणजे धावपट्टी तीच, पण तिच्या उजव्या अंगाला काचेचं प्रचंड टर्मिनल उभं राहिलं. आणि वाटांमध्ये चक्क जमिनीतच हिरवे दिवे पुरले. विमान उतरलं की त्याच्यापुढे एकेक दिवा आपोआप लागत जाणार आणि विमान दिव्यांमागून जाणार. जीप नको, ड्रायव्हर नको, खोकला नको.

जीपा एकेक करून गेल्या. त्यांच्यावरचे ड्रायव्हर कुणी सामानाच्या गाड्यांवर गेले, कुणी प्रवाशांच्या ट्रॉल्या गोळा करायला. शेवटी मोठ्या साहेबांनी पुढाऱ्यांना बोलावलं. मोठे साहेब म्हणजे विमानांची ये-जा बघणारे अधिकारी. माणूस चांगला, चेहरा कायम पोट दुखत असल्यासारखा.

"पुढारी, एक जीप ठेवतोय. धुक्यासाठी आणि इथे पहिल्यांदा उतरणाऱ्या वैमानिकांसाठी. तिच्यावर तुम्ही."

"उपकार आहेत, साहेब."

"थांबा, पूर्ण ऐका. वरच्या लोकांना एकही जीप नको होती. मी शब्द टाकलाय. सुरुवातीलाच जीपने घोळ घातला, तर जीप जाईल, माझा शब्द जाईल आणि तुम्ही निवृत्तीपर्यंत ट्रॉल्या ढकलाल."

ट्रॉल्यांशी पुढाऱ्यांचं वैर नव्हतं. पण ट्रॉलीच्या मागून चालावं लागतं. जन्मभर ज्याने मागच्याला सांभाळत पुढची वाट धरली, त्याने शेवटची काही वर्षं चाकांच्या कुरकुरीमागे काढायची, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. घरी त्यांनी हे बोलून दाखवलं.

"त्यात काय," बायको म्हणाली, "आजपासून बाजारात सराव करा. पिशव्या घ्या आणि माझ्या मागून चाला."

पण ताट उचलताना तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात जरा वेळ तिथेच राहिला.

उद्घाटनाची सकाळ उजाडली ती धुक्यातच. टर्मिनलच्या दारात फुलांच्या टोपल्या होत्या, बँडवाले लाल कोट घालून कुडकुडत होते, पाहुणे काचेला नाक लावून पांढऱ्या पडद्याकडे बघत होते. पहिलं विमान परदेशातून यायचं होतं. त्याचा वैमानिक इथे कधीच उतरला नव्हता. जमिनीतले दिवे त्याला धुक्यात जेमतेम दिसणार होते, म्हणून त्याने जीप मागितली.

पुढाऱ्यांनी शर्टाच्या बाहीने फलक पुसला. विमान उतरलं, गुरगुरत धावपट्टीच्या टोकाशी आलं. आरशात त्याचे दोन दिवे दिसले. पुढारी निघाले.

धावपट्टी सोडली की वाट फुटते. उजवीकडे नवं टर्मिनल, डावीकडे जुनं. जुन्या बाजूला पुढे मालाची विमानं जाणार होती म्हणून ती वाट बंद केली नव्हती, पण तिथलं अर्धं मैदान दुरुस्तीला उकरून ठेवलं होतं. नव्या वाटेच्या तालमी पुढाऱ्यांनी कागदावर केल्या होत्या. डोक्यात नकाशा पक्का होता. हातांना मात्र तो कुणी दाखवला नव्हता. आरशातल्या दोन दिव्यांवर नजर, धुकं, मागे जड गुरगुर, सगळं कसं नेहमीचं. फाटा आला आणि हातांनी, जसं रोज करायचे तसं, चाक डावीकडे फिरवलं.

थोड्या वेळाने धुक्यातून पाण्याची टाकी वर आली. तिची शिडी एका बाजूला कललेली होती. ती दिसली तेव्हा पुढाऱ्यांना बरं वाटलं. आलो आपण, असं वाटलं.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की आज ती टाकी दिसायला नको होती.

"जीप एक," रेडिओ बोलला, "तुम्ही कुठे आहात?"

"बाई," पुढारी म्हणाले, "जुन्या घरी आलोय."

"आणि विमान?"

"मागेच आहे. विश्वासाने येतंय बिचारं."

"थांबू नका. ते एकदा तिथे थांबलं, तर ट्रॅक्टरशिवाय निघणार नाही आणि ट्रॅक्टर सगळे पलीकडे आहेत. मैदान रुंद आहे, वळसा घालून परत येता येईल. उकरलेली जागा कुठून सुरू होते ते दिसतंय तुम्हाला?"

"बोनेटच्या पुढचं काही दिसत नाही, बाई."

"मला पडद्यावर सगळं दिसतंय. मी सांगते तसे चला."

"बाई, चूक माझी आहे."

"ते नंतर. आता डावीकडे. हळू."

त्यांना कुणी हळू चला म्हणायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. ते आणखी हळू झाले. मागे विमानही झालं. "सरळ." ते सरळ गेले. "आता पुन्हा डावीकडे, थोडंच. बास. सरळ." उजव्या हाताला धुक्यात कुठेतरी खड्डे होते, ते त्यांना दिसत नव्हते. इतकी वर्षं लोक आपल्या मागून कसे आले असतील, हे त्यांना त्या वळणावर कळलं. आपल्याला दिसत नाही आणि दुसऱ्याला दिसतंय, एवढं मानायचं आणि चालायचं. बस्स.

रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला. "टॉवर, तिकिटात शहर दाखवायचंही होतं का?"

बाईंनी सारवासारव केली नाही. "जीप चुकून जुन्या टर्मिनलकडे गेली. आम्ही वळसा घालून आणतोय. जीपच्या मागेच राहा."

"राहतो. जीप बरी चालवतात. डुलकी लागेल इतकी बरी."

टाकी पुन्हा धुक्यात गेली. फाटा आला. "जीप एक, आता सरळ. धावपट्टीची वाट ओलांडा, समोर हिरवे दिवे दिसतील." दिसले.

नव्या जागेवर बँडवाल्यांची येत होती तेवढी गाणी वाजवून संपली होती आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. ढकल्या ट्रॅक्टरला टेकून उभा होता.

"काय रे, पाहुण्यांना फिरवून आणलंस?"

पुढाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर त्याने पुढची चेष्टा गिळली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"उपकार आहेत," पुढारी म्हणाले.

दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते बसा म्हणाले तरी पुढारी बसले नाहीत.

"साहेब, चूक माझी. ट्रॉल्या कुठून गोळा करायच्या तेवढं सांगा."

"गंमत बघा," साहेब म्हणाले. "मघाशी टॉवरबाईंचा फोन आला होता. त्या म्हणतात, चूक त्यांची."

"त्यांचा काय संबंध? हात माझे होते."

"त्या म्हणतात, डोळे त्यांचे होते. पडद्यावर तुमचा ठिपका डावीकडे वळला, त्यांना दिसला, आणि त्या काही बोलल्या नाहीत. इतकी वर्षं तो ठिपका तिकडेच वळायचा, म्हणून त्यांना त्यात काही वावगंच वाटलं नाही. टाकीपाशी गेल्यावर तुमच्यासारख्याच त्याही जाग्या झाल्या."

बाईंनी हे सांगितलं नसतं तर कुणाला कधी कळणार होतं?

"आणि तो वैमानिक," साहेब पुढे म्हणाले, "जाताना इथे डोकावला. म्हणाला, धुक्यात चुकलेला माणूस एक तर पळत सुटतो, नाही तर मधेच ब्रेक मारतो. या माणसाने दोन्ही केलं नाही, मी पूर्ण वेळ त्याला बघू शकत होतो. जीप काढू नका म्हणाला. मी म्हटलं, मला कशाला सांगता, वर सांगा. तर खरंच वर जाऊन सांगून आला."

"म्हणजे साहेब..."

"म्हणजे जीप राहतेय. तुम्हीही राहताय. पण हातांना शिकवल्याशिवाय विमानापुढे जायचं नाही. मला वरून जे ऐकून घ्यावं लागलं ते तुम्हाला सांगत नाही, नाही तर त्यालाही उपकार म्हणाल."

पुढाऱ्यांच्या ओठावर आलेला शब्द त्यांनी आवरला. दारापर्यंत गेले, परत फिरले आणि म्हणालेच.

मग हातांची शाळा भरली. विमान नसेल तेव्हा पुढाऱ्यांनी फाट्यावरून जीप न्यायची आणि मागे विमान म्हणून ट्रॅक्टरवर ढकल्या. ढकल्याने ही भूमिका फारच मनावर घेतली. तोंडाने इंजिनचे आवाज काढायचा, फाट्यापाशी ओरडायचा, "आतले प्रवासी विचारतायत, आज टाकी दाखवणार का?" पुढारी आरशात बघत उजवीकडे वळायचे. पुन्हा मागे जायचे, पुन्हा वळायचे. रोलरवर घडलेला माणूस, त्याला फेऱ्यांचा कंटाळा कसला? हळूहळू हातांनाही नवी वाट कळली.

तेवढ्यात मोठ्या साहेबांनी आणखी एक गोष्ट केली. टॉवरमध्ये जाऊन बाईंना भेटायची परवानगी काढून दिली. पुढाऱ्यांनी घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "मीही येणार. इतकी वर्षं जिच्या खोकल्याच्या बातम्या ऐकल्या, ती बाई बघू तरी द्या." येताना तिच्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

पुढाऱ्यांच्या मनात बाई उंच, सडपातळ, चष्मा लावणाऱ्या होत्या. वर खुर्चीतून उठल्या त्या बुटक्या, गोल आणि पायात कापडी बूट घातलेल्या. त्यांनीही पुढाऱ्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जीप एक? मला वाटायचं तुम्हाला भरघोस मिशा असतील."

"होत्या," बायको म्हणाली. "मीच काढायला लावल्या."

खाली पूर्ण विमानतळ पसरला होता. पुढाऱ्यांनी तो पहिल्यांदाच एका नजरेत पाहिला. आपण ज्याच्यावर रोलर फिरवला ती पट्टी, काचेचं टर्मिनल, कललेल्या शिडीची टाकी. आणि तो फाटा. इथून तो बोटाच्या पेरावर मावत होता. खाली उभी असलेली त्यांची जीप म्हणजे एक पिवळा ठिपका होता.

त्यांनी येताना बोलायचं ठरवून ठेवलं होतं. खोटं सांगता आलं असतं तिथे बाई खरं बोलल्या, दोषाचं अर्धं ओझं स्वतःहून उचललं, असं सगळं. पण शाळेतलाच प्रकार झाला. उभे राहिले आणि एवढंच बोलले, "बाई, उपकार आहेत."

"माझ्यावरही आहेत," बाई म्हणाल्या. "त्या सकाळी मी डावीकडे म्हटलं आणि तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. माझ्या घरात मी मीठ कुठे आहे सांगितलं तरी दोनदा विचारतात."

बायको हसली. तिने कागद सोडला. आत निळा, जाडजूड मफलर होता. "अर्धा स्कूटरवर विणलाय, म्हणून टाके कुठे कुठे उडालेत. गळ्याला गुंडाळत जा."

बाईंनी तो लगेच गुंडाळला. हसता हसता त्यांना खोकला आला. पुढारी सवयीने सावध झाले आणि जणू पुढचा शब्द "जीप एक" असणार म्हणून वाट बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर रुजू झाले. धुकं नव्हतं, पण वैमानिक नवा होता, म्हणून जीप मागवली होती. विमान मागे लागलं, आरशात दोन दिवे आले, गुरगुर आली. फाटा जवळ आला आणि रेडिओ किंचित खरखरला. शब्द एकही नाही. फक्त एक छोटासा खोकला.

पुढाऱ्यांचे हात उजवीकडे वळले.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. नियमाप्रमाणे रेडिओवर कामाव्यतिरिक्त बोलायला बंदी आहे, खोकायला नाही. उन्हाळा असो, आभाळ लख्ख असो, जीप फाट्याजवळ आली की टॉवरमधून खोकला येतो. पुढाऱ्यांच्या हातांना आता त्याची गरज नाही, हे बाईंनाही ठाऊक आहे. तरी तो येतो, आणि पुढारी बटण न दाबता, आपल्याशीच, दोन शब्द म्हणतात आणि वळतात.

घरी एकदा त्यांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा बायकोचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्या मफलरचा काहीच उपयोग झाला नाही?"

"झाला की," पुढारी म्हणाले. "थंडीचा खोकला कधीच गेला. हा माझा आहे."